नवव्या मात्रेची टाळी

मुरुम, १८ जून १९४४

सोम्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. तुझं पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यात खोली, खाट, नळ, शेजारचा नाशिकचा मुलगा, सगळं आहे. गाण्याचं एक अक्षर नाही. तू विद्यालयात गेलास की नळ बघायला गेलास? अप्पांनी कार्ड हातात घेतलं नाही. मी ते दुकानातल्या गादीवर ठेवून आत गेले. परत आले तेव्हा पालथं पडलं होतं, म्हणजे वाचलं. तू त्यांना न सांगता निघून गेलास याचा त्यांना राग आहे, आणि गाणं शिकायला गेलास याचा त्याहून जास्त. विशारद होऊन माणूस पुढं काय करतो हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. तूही नाही.

आता तू पुण्यातला विद्यार्थी आणि मी स्वैपाकघरातली बाई. तरी अव्वा गेल्यावर तुला आईच्या जागी मी वाढवलंय, तेव्हा सांगण्याचा हक्क आहे. सकाळी उठल्या उठल्या चहा पिऊ नकोस. आधी षड्ज लाव, खर्जातला, कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावर आणखी थोडा. वर्षाला पंधरा राग शिकवतात, असं जाताना मला म्हणालास. शिकवू देत, पण तू त्यातला एकच नीट घेऊन घरी ये. वहीत स्वर उतरवले की राग आला असं समजू नकोस. एखाद्या जागेला वाहवा मिळाली की तू दुसऱ्या दिवशी तीच जागा चारदा घेतोस, ती खोड मोड. तुझ्याहून चांगलं गाणारा कोण आहे ते शोध आणि त्याच्या शेजारी बस. तुला राग येईल, येऊ दे.

हे सगळं हिला कसं कळतं, असं तू त्या नाशिकच्या मुलाला म्हणशील. मी सोळाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन घरी परत आले, त्याच साली अप्पांनी तुला वली उस्तादांची तालीम लावली. तेव्हा त्यांना वाटलं, पोराला मठात भजन म्हणता येईल. उस्ताद माडीवर तुला शिकवायचे आणि भिंतीच्या या बाजूला मी सूप घेऊन तुरीची डाळ पाखडायची. आठ वर्षांत मुरुमात आपल्याइतकी स्वच्छ डाळ कुणी खाल्ली नसेल.

म्हणून एक महत्त्वाचं सांगते. त्रितालात नवव्या मात्रेची टाळी तू गाळतोस. पहिली देतोस, पाचवी देतोस, मग एकदम तेरावी. उस्तादांचीही गळते, पण त्यांचं वय झालं, हात दमतो. तू वीस वर्षांचा घोडा. तिथल्या मास्तरांसमोर असा आळस केलास तर आपल्या उस्तादांचं नाव जाईल.

हे पत्र बसवराज गाडीवानाकडं देते आहे. तो कापूस घेऊन सोलापूरला चाललाय, संस्थानाचा नाका ओलांडला की तिकडच्या इंग्रजी टपालात टाकेल.

जेवत जा. आशीर्वाद.
तुझी अक्का

मुरुम, २६ ऑगस्ट १९४४

सोमलिंग,

तुझं पत्र आलं. सहा ओळी, त्यातल्या दोन हसण्याच्या. ‘अक्का, नवव्या मात्रेला टाळी नसतेच. तिथं खाली असते, हात नुसता उलटा दाखवायचा, आवाज करायचा नाही. तुझं पत्र मी खोलीत वाचून दाखवलं, पोटं धरून हसले सगळे.’

मला फार लाज वाटली. खोटं कशाला बोलू, रडले. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. आठ वर्षं मी ती टाळी मनातल्या मनात देत आले. उस्ताद दमले, त्यांची राहिली, आपण द्यावी, अशा बुद्धीनं. जे आवाज करत नाही ते मला भिंतीतून कसं कळणार? तू समोर बसला होतास. तुला सगळं दिसत होतं आणि तू खिडकीबाहेर बघत होतास, हे मला न दिसताही माहीत आहे, कारण उस्ताद तुला दर दोन मिनिटांनी हाक मारायचे.

आणि माझं पत्र परक्या पोरांना वाचून दाखवलंस. त्यात पांढऱ्या कपाळाचं लिहिलं होतं, तेही वाचलंस का? की ते गाळलंस?

असो. असो म्हणते, पण असो नाही. आता कामाचं ऐक, कारण वेळ थोडा आहे. सोलापूरच्या गिरिजाबाई मावशी श्रावणात आल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या शाळेला गाणं शिकवायला बाई हवी आहे, पण तिच्याकडं परीक्षेचं प्रमाणपत्र पाहिजे. तुमच्या विद्यालयाची परीक्षा बाहेरून देता येते आणि मार्चमध्ये तिचं केंद्र सोलापूरला असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. तुला हे माहीत असणार. तू कधी बोलला नाहीस.

मला ती परीक्षा द्यायची आहे.

घाई का ते सांगते. तेर गावाहून अप्पांकडं निरोप आलाय. वीरप्पा म्हणून धान्याचे व्यापारी आहेत, बायको गेली, तीन लेकरं आहेत. उडकी लावायची म्हणतात. आपल्यात विधवेला दुसरा संसार करता येतो हे चांगलंच आहे, तुझ्या पुण्यातल्या मित्रांच्या बहिणींना तेवढंही मिळत नसेल. माणूसही वाईट नाही असं सगळे सांगतात. पण त्यांनी विचारून घेतलंय, बाईंना गाण्याचा नाद आहे असं ऐकतो, तो सुटेल ना? अप्पा म्हणाले, सुटेल. मी आत होते. मला कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यात उडकी ठरवायची म्हणतात.

तर मार्चच्या आत मला परीक्षा द्यायची आहे. दोन गोष्टी कर. अर्जाचा कागद पाठव. आणि मला जे दिसलं नाही ते सगळं लिही. हात उलटा म्हणजे तळवा कुठं? उस्ताद तान घेताना तोंड किती उघडतात? श्वास कुठं चोरतात? तंबोरा मांडीवर कसा धरतात? हसायचं असेल तर हस, पण लिही.

अक्का

मुरुम, १९ ऑक्टोबर १९४४

सोमलिंग,

दोन महिने झाले. दिवाळीलाही कार्ड नाही. बसवराजला मी दर खेपेला विचारते, तो आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

तू लिहिलं नाहीस म्हणून मी उठले आणि उस्तादांच्या घरी गेले. पहिल्यांदाच. आठ वर्षं ज्यांचा आवाज ऐकला त्यांचं तोंड मी धड पाहिलं नव्हतं. दारात बेगमबी लसूण सोलत होत्या. मी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, “अंदर आ गे माँ, दरवाजे में कायकू खडी?” आणि आत ओरडल्या, “अजी, वो डाळवाली आ गई!”

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोघांनाही. उस्ताद खाटेवर बसले होते, माझ्या कल्पनेपेक्षा बरेच बारके. मी पाया पडले तर म्हणाले, “आठ बरस दिवार को तालीम दिया मैं. आज दिवारिच चल को घर आ गई.” मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, “तेरा भाई बेसुरा हुआ की उधर सूप रुक जाता था. मेरेकू वहिच सुन को समझता था, अब इसको टोकना.”

वाच हे तुझ्या खोलीत. मोठ्यानं वाच.

त्यांनी मला हात दाखवला. तळवा वर, बोटं थोडी उघडी, बाहेरच्या बाजूला. एवढंच होतं ते. मी तीनदा केलं, चौथ्यांदा मला हुंदका आला, बेगमबींनी पाणी दिलं.

पण खरी अडचण पुढंच आली. उस्ताद म्हणाले, गा. मी त्यांच्याकडं बघितलं आणि गळा बंद. षड्जही निघेना. मी कधी कुणाच्या तोंडाकडं बघून गायलेच नाही रे. मी म्हणाले, मी तिकडं तोंड करून गाते. उस्ताद चिडले. “दिवार पास-नापास नै करती बेटी. इधर देख.” मी बघितलं. काही नाही. तास गेला, मी तशीच घरी आले.

आता रोज जाते. अप्पांना सांगितलंय, बेगमबींकडं शिवण शिकते. उस्ताद आधी आतल्या खोलीत बसतात, मी फक्त बेगमबींसमोर गाते. त्या लसूण सोलतात, मधेच भाजीवाल्याशी भांडून येतात, माझ्याकडं त्यांचं लक्ष नसतं. त्यामुळं जमतं. कालपासून उस्ताद चौकटीत येऊन उभे राहतात. तुलाही सांगून ठेवते, कारण शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. जाणकारांसमोर गाण्याआधी ज्यांना गाण्याचं काही पडलेलं नाही अशांसमोर गा. त्यांच्यापुढं आवाज टिकला तर कुठंही टिकतो.

बघ, तुझ्यावर रागावलेय तरी उपदेश सुटत नाही.

अर्जाचा कागद तू पाठवणार नाहीस असं मी धरून चालले आहे. विद्यालयाला मीच पत्र लिहिलंय. मठातल्या स्वामींनी मला अक्षरं शिकवली ती आता कामाला आली.

अक्का

मुरुम, ९ जानेवारी १९४५

सोमलिंग,

हे पत्र नीट वाच, आणि एकट्यानं वाच.

विद्यालयाचा छापील अर्ज आला. नाव, गाव, वय लिहिलं. गुरूच्या जागी उस्तादांनी उर्दूत सही केली. खाली पालकाची सही मागितली आहे. मी अप्पांच्या पुढं कागद ठेवला. सगळं सांगितलं, शिवणाचं खोटंही सांगितलं. त्यांनी कागद बोटानं माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, “एक पोरगं गाण्यापायी गेलं. आता तुझ्या बी गाण्यावर माझं नाव लावतीस व्हय? म्या सही न्हाय करणार.”

मी म्हणाले, “अप्पा, मग तेरला तरी माझं नाव कशाला लावता?”

“तिथं तुझं भलं हाय म्हणून.”

“आणि इथं?”

ते उठून दुकानात गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं, मला दिसलं.

छापील कागदावर लिहिलंय, वडील, पती किंवा सज्ञान भाऊ. वडील नाही म्हणतात. पती नाही. भाऊ पुण्यात आहे आणि पाच महिने मुका आहे. म्हणून ती सही मी केली. तुझी. तुझ्या जुन्या मराठी पुस्तकावर तू जागोजाग नाव लिहून ठेवलंयस, त्यावरून दोन दिवस गिरवली. ‘लिं’ वरची तुझी ती लांब वेलांटी मला साधली, शेवटचं वळण तितकं साधलं नाही. काल बसवराजबरोबर अर्ज रवाना केला.

माफी मागत नाही. पण मला झोप नाही, हे खरं आहे. पाखडायला बसले तर डाळ सांडते. तू त्याच विद्यालयात शिकतोस. कचेरीतला कुणी तुला बोलावून विचारेल, ही तुझी सही का? तू नाही म्हणालास तर माझा अर्ज रद्द, वर खोटी सही केल्याचा ठपका, आणि उन्हाळ्यात तेर. हो म्हणालास तर मार्चमध्ये मी सोलापूरला बसेन. एवढंच तुझ्या हातात आहे. तुला माझी लाज वाटते हे मला कळलंय. खेड्यातली बहीण, टाळी न कळणारी. ती लाज ठेव, पण हो म्हण.

हो म्हणालास की नाही, तेही मला कळवणार नाहीस. हे मला सगळ्यात लागतं.

अक्का

सोलापूर, २४ मार्च १९४५

सोम्या,

गिरिजाबाई मावशींच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. आज सकाळी परीक्षा झाली.

क्रमानं सांगते, नाहीतर मी भलतंच आधी सांगेन. प्रवेशपत्र फेब्रुवारीत आलं. अप्पांनी ते पाहिलं, सही कुणाची म्हणून विचारलं नाही. आदल्या आठवड्यात म्हणाले, “कापूस सोलापूरला चाललाच हाय. गाडीत जागा हाय.” बस, एवढंच. नाक्यावर जकात बघणाऱ्या करोडगिरीच्या शिपायानं बेगमबींनी दिलेल्या तंबोऱ्याचं कापड सोडायला लावलं, आत काय लपवलंय म्हणून. भोपळ्यात हात घालता येईना, तर त्यानं वाजवून दाखवा म्हटलं. अप्पा गाडीतून उतरून उभे होते. मी तिथं रस्त्यात तारा छेडल्या. शिपाई म्हणाला, जाव. अप्पा जरा ताठ उभे राहिल्यासारखे वाटले.

परीक्षेला तीन परीक्षक. मधले मोठे, जाड चष्म्याचे. उजवीकडचे सारखं लिहीत होते. डावीकडचे संत्रं सोलत होते. त्यांना माझं काही पडलेलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडं बघून भीमपलास सुरू केला. पहिला षड्ज बारीक निघाला, कापला. मला वाटलं संपलं. मग त्यांनी संत्र्याची फोड तोंडात घातली, मला धीर आला, अस्थायी नीट गेली. अंतऱ्याला त्यांचा हात थांबला. फोड तशीच बोटांत. मग मी मधल्यांकडं पाहिलं, मग उजवीकडच्यांकडं. गळा बंद झाला नाही रे सोम्या. तिघांच्या तोंडाकडं बघून गायले.

ताल हातानं दाखवला, बरोबर दाखवला. थाटाच्या प्रश्नावर चुकले. ज्या रागांची नावं मी कधी ऐकली नव्हती त्यांचे आरोह मला कसे येणार? मधले म्हणाले, बाई, पुस्तक वाचत नाही का? मी म्हणाले, आता वाचीन. निकाल जूनमध्ये. पास होईन की नाही ते खरंच सांगता येत नाही.

अप्पा बाहेर बाकावर बसले होते. मी आले तर म्हणाले, “लई वेळ लागला.” मग म्हणाले, “आतलं समदं ऐकू येत हुतं.” दुपारी टपालकचेरीत जाऊन त्यांनी तेरला कार्ड लिहिलं. मला वाचायला दिलं. ‘मुलगी सध्या शिकत आहे. आम्हास जमणार नाही. लोभ असावा.’ चोवीस वर्षांची मी, ‘मुलगी’ म्हणून आणि ‘शिकत आहे’ म्हणून लिहिली गेले. टपालकचेरीत सगळ्यांसमोर रडले, अप्पा दुसरीकडं बघत राहिले.

आता ते सांगते, जे सांगायला हात सकाळपासून शिवशिवतोय.

गाण्याआधी कारकुनानं मला टेबलाशी बोलावलं. त्याच्यापुढं माझ्या नावाचे दोन अर्ज टाचणीनं एकत्र लावलेले, वर चिठ्ठी, ‘पडताळणी करावी’. म्हणाला, “बाई, दोन अर्ज कसे? आणि दोन्हींवर भावाचीच सही, पण दोन्ही सह्या एकसारख्या नाहीत. यातली खरी कोणती?”

एक माझा, जानेवारीचा. दुसरा तुझ्या अक्षरात. माझं नाव, माझं गाव, माझं वय, तेही एक वर्ष चुकलेलं. गुरूचं नाव, वली उस्ताद, मुरुम. पूर्वीचं शिक्षण या रकान्यात तू लिहिलंयस, ‘आठ वर्षे, उस्तादांकडे, माझ्याबरोबर.’ आणि तारीख, २ सप्टेंबर.

२ सप्टेंबर! म्हणजे माझं ते रागाचं पत्र हाती पडल्यावर चार दिवसही झाले नव्हते. प्रवेशपत्र तुझ्या अर्जावर आलं होतं. मी जानेवारीत तुझी सही गिरवत बसले, तेव्हा तुझी खरी सही चार महिने त्याच कचेरीत पडून होती.

कारकून वाट बघत होता. बाहेर अप्पा, आत तीन परीक्षक, आणि माझ्या पुढं दोन सह्या. माझी अगदीच वाईट नव्हती. मी म्हणाले, “ही माझ्या भावाची. ती मी केलेली.” त्यानं चष्म्यावरून पाहिलं. मग माझा अर्ज टाचणीतून काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. म्हणाला, “एकच अर्ज आला होता. जा आत.”

त्यानंतर आत जाऊन मी गायले. काय गायले असेन ते समजून घे.

सोम्या, सात महिने मी तुला काय काय म्हटलं. बेगमबींपुढं, बसवराजपुढं, देवापुढं. ‘अक्का, अर्ज भरलाय’ एवढे तीन शब्द कार्डावर लिहायला तुझा हात का उचलला नाही? लाज वाटत होती? हसलास त्याची? मग ती लाज मला लिहून कळवायची होती, मी काय खाल्ली असती तुला? मूर्ख आहेस. माझ्या हाताखाली वाढलास आणि इतका मूर्ख कसा निघालास कळत नाही.

अप्पांना मी सगळं सांगितलं, तुझ्या अर्जाचं आणि माझ्या सहीचंही. ते संध्याकाळी बाहेर गेले होते, आत्ता परत आले. त्यांनी गुरुवारच्या पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं काढून आणली आहेत. स्टेशनवर ये. आधी मी थोबाडीत देणार आहे, मग अप्पांचं काय ते त्यांचं ते बघतील.

अक्का